गोटुलाची शिस्त

गोटुलात संध्याकाळी रिकाम्या हाताने जायचे नाही. मुलगा असेल तर त्याने सरपणाचा एक ओंडका आणायचा, तो आत टाकायचा आणि मग आपण शिरायचे. मुलींनी अंगण झाडायचे, जमीन सारवायची, पानांचे द्रोण-पत्रावळी लावायच्या. ज्याने लाकूड आणले नाही त्याला दंड, आणि दंडही पुष्कळदा लाकडाचाच. रात्रभर मधोमध जी शेकोटी धुमसत राहते ती अशी प्रत्येकाच्या वाट्याने पेटलेली असते.

गोटुल हा शब्द ऐकला की आपल्या, म्हणजे शहरी मराठी वाचकाच्या, डोळ्यांसमोर शेकोटी येते, ढोल येतो, नाचणारी मुलेमुली येतात. लाकूड आणण्याचा नियम येत नाही. गोटुलाविषयी गेल्या शंभर वर्षांत जे लिहिले-बोलले गेले, त्यात ‘मुक्त’ हे विशेषण इतक्यांदा वापरले गेले की ही संस्था मुळात नियमांवर उभी होती, हेच झाकून गेले. प्रस्तुत लेखात गोटुलाकडे एक शाळा म्हणून पाहायचे आहे. तिच्यात प्रवेश कोणाला मिळे, आत कसे वागावे लागे, चुकले तर काय होई आणि बाहेर कधी पडावे लागे, हे प्रश्न पहिले. त्यांच्यामागून येणारा प्रश्न अधिक जवळचा आहे: या शाळेचे घर मोडले तेव्हा तिची शिस्त कुठे गेली?

नदीच्या दोन काठांवर

आज ज्याला आपण गडचिरोली म्हणतो तो जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याआधी तो सारा मुलूख ‘चांदा’ होता. त्याच्या पूर्वेला बस्तर. मधून इंद्रावती वाहते आणि काही अंतर ती राज्याची सीमाही होते. पण माडिया-गोंडांच्या सोयरिकी, देव आणि बाजार या सीमेला फारसे जुमानत नाहीत. म्हणून गोटुलाचा अभ्यास करताना अलीकडचा आणि पलीकडचा काठ एकत्र वाचावा लागतो.

लिखित नोंदी बहुतेक पलीकडच्या काठावरच्या आहेत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्य प्रांतातील जाती-जमातींचा जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यात ‘गोटलघरा’चा उल्लेख येतो. बस्तर संस्थानचे प्रशासक राहिलेले विल्फ्रिड ग्रिगसन यांनी 1938 मध्ये माडियांवर पुस्तक लिहिले. आणि 1947 मध्ये व्हेरिअर एल्विन यांचा मुरियांच्या गोटुलावरचा जाडजूड ग्रंथ आला. एल्विन मिशनरी म्हणून भारतात आले, गांधींच्या प्रभावात राहिले, मग चर्च सोडून आदिवासींमध्ये स्थायिक झाले. त्यांच्या ग्रंथाने गोटुल जगभर पोहोचला आणि त्याच ग्रंथाने तो बदनामही झाला, कारण बहुसंख्य वाचकांनी त्यातली शरीरसंबंधांची प्रकरणे तेवढी वाचली. त्याच काळात मध्य प्रांतातल्या गोंडांमध्ये हिंडून काम करणाऱ्या आपल्या दुर्गाबाई भागवतांचे एल्विन यांच्याविषयीचे मत काही गोड नव्हते, हेही येथे ध्यानात ठेवलेले बरे.

एक सावधगिरी सुरुवातीलाच घ्यायला हवी. सगळ्या गोंडांत गोटुल नाही. आदिलाबादच्या राजगोंडांत ही संस्था आढळत नाही. उत्तर बस्तरच्या मुरियांत मुले आणि मुली दोघेही गोटुलात झोपत. अबूझमाडच्या डोंगरी माडियांत तो मुख्यतः मुलग्यांचा निवारा. मुली नाचायला येत आणि झोपायला घरी परतत. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गावांची घडण याच माडिया रीतीला जवळची. तेथे गोटुल म्हणजे पोरांची झोपायची जागा, पाहुण्याचे उतरण्याचे ठिकाण आणि गावाची बैठक, असे तिन्ही एकत्र. बस्तरच्या मुरियांचे चित्र सरसकट गडचिरोलीवर चिकटवणे ही जुनी चूक आहे. नियमांची सर्वांत तपशीलवार नोंद मात्र मुरियांचीच आहे, म्हणून तिथून सुरुवात करू.

नाव मिळणे

मुरिया मूल सहा-सात वर्षांचे झाले की गोटुलाकडे वळे. सुरुवातीला त्याला उमेदवारीचा काळ असे. लाकूड वेळेवर आणतो का, मोठ्यांनी सांगितलेले काम करतो का, आत पाहिलेले बाहेर बोलतो का, हे पाहिले जाई. त्यात उतरला की त्याला गोटुलाचे नाव मिळे. सभासद मुलगा तो चेलिक, मुलगी ती मोटियारी. त्यांच्यात पुन्हा पदे: मुलांचा प्रमुख सिरदार, मुलींची प्रमुख बेलोसा, कामाची वाटणी करणारा आणि हजेरीवर नजर ठेवणारा कोटवार. दिवाण, तहसीलदार, सुभेदार अशीही नावे आढळतात. संस्थानी कचेरीची ही सगळी उतरंड पोरांनी उचलून आपल्या झोपडीत मांडली होती. यात गंमत होती आणि गांभीर्यही होते. गोटुलाच्या आवारात एकमेकांना याच नावांनी हाक मारायची.

आतली कामे ठरलेली. लहानांनी मोठ्यांचे ऐकायचे, मोठ्यांनी लहानांना नाच, गाणी, ढोल, शिकार, विणकाम शिकवायचे. गोटुलाचा मूळपुरुष लिंगो अठरा वाद्ये एकाच वेळी वाजवी अशी कथा आहे. त्यामुळे वाजवणे-नाचणे हा तिथला अभ्यासक्रमच. गावात लग्न असो की मरण, पाणी-लाकूड-मांडव यांचा भार गोटुलावर. कोणाच्या शेतात एकजुटीने मजुरी केली तर मिळकत एकट्याची नाही, सगळ्यांची. तिची एक दिवस मेजवानी.

आणि दंड. लाकूड चुकले, झाडलोट चुकली, भांडण केले, आतले बाहेर सांगितले, अशा प्रत्येक गोष्टीला शिक्षा होती. कान धरून उठाबशा, जादा सरपण, गंभीर गुन्ह्याला हात बांधून आढ्याला टांगणे. सर्वांत जबर शिक्षा शरीराची नव्हती. सभासदाला वाळीत टाकले की त्याच्या लग्नात गोटुल नाचायला जात नसे. ज्याच्या लग्नात गोटुल नाही, त्याच्या लग्नात गाव नाही. त्या धाकाने घमेंडखोर पोरेही लाकूड घेऊन परत येत.

मुला-मुलींच्या संबंधांनाही नियम होते. एका रीतीच्या गोटुलात जोड्या ठरलेल्या असत. दुसऱ्या रीतीत उलट: एकाच जोडीदाराबरोबर तीन रात्रींहून अधिक राहायचे नाही, मालकी सांगायची नाही, मत्सर दाखवायचा नाही, दाखवला तर दंड. एका कुळातल्या, म्हणजे भाऊबंद ठरणाऱ्या मुला-मुलींना जोडी वर्ज्य. आपल्याकडच्या गोंडांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी देवसंख्येवरून सगेपणाची मांडणी आहे, हे वाचकांना ठाऊक असेल. गोटुल त्या चौकटीबाहेर नव्हता. लग्न आईबाप ठरवत, बहुधा मामा-आतेच्या नात्यात, आणि लग्न झाले की गोटुल सुटे. तो निरोपाचा दिवस रडण्याचा असे. लग्न झालेल्याला आत पुन्हा सभासद म्हणून जागा नाही. लग्नानंतर मुरियांत काडीमोड फारच कमी, अशी एल्विन यांची नोंद आहे.

एक दूरची शपथ

या नियमांच्या शेजारी दूरची एक यादी ठेवून पाहण्यासारखी आहे. जपानच्या चिबा प्रांतात कातोरी देवस्थानाशी जोडलेली ‘तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-र्यू’ ही तलवारविद्येची शाळा आहे. पंधराव्या शतकात इइझासा चोइसाइ इएनाओ या योद्ध्याने ती सुरू केली आणि आजही ती त्याच घराण्याच्या नावाने चालते. तिथे शिकायला येणाऱ्याने आधी शपथपत्रावर सही करायची आणि बोट टोचून रक्ताचा ठसा उठवायचा. याला ‘केप्पान’ म्हणतात. शपथेत तलवार कशी चालवायची याबद्दल अक्षर नाही. तिची चार कलमे वागणुकीची आहेत. शाळेतील विद्या बाहेरच्याला, अगदी नातलगालाही, सांगणार-दाखवणार नाही. भांडणात पडणार नाही, विद्येचा गैरवापर करणार नाही. जुगार खेळणार नाही, वाईट ठिकाणी जाणार नाही. परवानगीवाचून दुसऱ्या शाळेच्या माणसाशी तलवार लढवणार नाही. मोडल्यास देवाचा कोप.

आपल्या तालमींतही हेच आहे. वस्तादाने गंडा बांधला की पोराने मातीला नमस्कार केल्याशिवाय हौद्यात उतरायचे नाही, बाहेर अंगातली रग दाखवत हिंडायचे नाही, वस्तादाला विचारल्याशिवाय मैदान मारायला जायचे नाही.

गोटुल, र्यू आणि तालीम यांचे शिकवण्याचे विषय अगदी निराळे: एकीकडे ढोल आणि नाच, दुसरीकडे तलवार, तिसरीकडे कुस्ती. पण दारावरचे नियम जवळजवळ सारखे. येण्यासाठी काहीतरी द्यावे लागते: रक्ताचा थेंब, गुरूपुढची मान किंवा लाकडाचा ओंडका. आतले आत राहते. अंगात आलेल्या नव्या शक्तीवर लगाम असतो. शिकणाऱ्याच्या हातात एक धोकादायक गोष्ट दिली जात आहे याची जाण या तिन्ही ठिकाणी दिसते. जपानी शाळेत ती गोष्ट तलवार होती, तालमीत अंगबळ आणि गोटुलात तारुण्य. गोटुलाला ‘मुक्त’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच सुटले. तारुण्य ही सांभाळून हाताळायची चीज आहे असे मुरिया समाज मानत होता, म्हणून तर त्याने ते एका घरात, नियमाखाली, थोरांच्या नजरेआड पण गावाच्या मध्यभागी ठेवले.

साम्य इथे संपते. कातोरीची विद्या 1960 मध्ये चिबा प्रांताने आपला अमूर्त सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर केली. कुठल्याही युद्धविद्येला असा मान मिळण्याची ती पहिली वेळ. गोटुलाच्या वाट्याला सरकारकडून काय आले ते आता पाहू.

सागाचे घर

गोटुल एका दिवसात मोडले नाहीत. कोणी बंदीचा हुकूम काढला असेही नाही. आश्रमशाळा आल्या आणि सहा-सात वर्षांची मुले वसतिगृहात गेली. गोटुलाला उमेदवारच उरले नाहीत. बाहेरून आलेल्या सुधारकांनी, दुकानदारांनी, मास्तरांनी नाके मुरडली आणि पोरांना आपल्याच घराची लाज वाटू लागली. कॅमेरे घेऊन पाहुणे येऊ लागले. आतले बाहेर सांगायचे नाही या कलमाचा त्यांनी फडशा पाडला. 1980 नंतर या जंगलात बंदुका आल्या आणि रात्री गावाने एकत्र बसणे हीच संशयाची गोष्ट झाली.

धानोरा तालुक्यातले मेंढा हे गोंडांचे गाव गडचिरोलीहून तीसेक किलोमीटरवर आहे. शेजारच्या लेखा गावामुळे ते मेंढा-लेखा म्हणून प्रसिद्ध झाले. ऐंशीच्या दशकात गोदावरीवरचे इंचमपल्ली आणि इंद्रावतीवरचे भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे आणि लालश्यामशाह महाराज त्यात होते. धरणे बारगळली. त्या जागृतीतून मेंढ्याच्या लोकांनी आपल्या रीतिभातींकडे पुन्हा पाहिले आणि गावात मोडून गेलेला गोटुल पुन्हा उभारायचे ठरवले. देवाजी तोफा हे गावचे कार्यकर्ते आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे अभ्यासू मित्र या काळापासून एकत्र होते.

गोटुल रीतीप्रमाणे सागाचा हवा. गावकऱ्यांनी जंगलातून लाकूड आणले आणि घर उभे केले. साग हे सरकारी लाकूड, ते परवानगीवाचून तोडले, असे वनखात्याचे म्हणणे. खात्याने पोलीस घेऊन येऊन तो गोटुल पाडला आणि लाकूड नेले. कायद्याच्या पुस्तकात खात्याची बाजू भक्कम होती. गावाच्या लेखी मात्र तो सागाचा गुन्हा नव्हताच. ते देवळासारखे घर होते. आसपासची गावे मेंढ्यात जमली. एक गोटुल पाडला तर आता गावोगावी गोटुल उभारू, असे त्यांनी ठरवले आणि अनेक गावांनी ते केलेही. खात्याला माघार घ्यावी लागली. या प्रसंगात मारामारी झाली नाही, ही गोष्ट मला लाकडाइतकीच महत्त्वाची वाटते.

या नव्या गोटुलात पोरे झोपायला गेली नाहीत. त्यात गाव बसू लागले. आणि जुन्या शाळेची एकेक कलमे निराळ्या रूपात परत आलेली दिसतात. पूर्वी प्रत्येकाने ओंडका आणायचा. आता प्रत्येक घराने सभेला यायचे, बायकांनीही. पूर्वी सिरदार दंड ठरवी. आता जंगलाचे, दारूचे, गावकामाचे नियम ग्रामसभा करते आणि मोडणाऱ्याला दंडही तीच करते. निर्णय बहुमताने होत नाहीत. एकाचीही हरकत असली तर पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे, सर्वसहमती होईपर्यंत. ज्या विषयाची माहिती नाही त्यासाठी अभ्यास गट. मध काढताना पोळे जाळायचे नाही, माश्या मारायच्या नाहीत, अशी नवी रीत याच अभ्यासातून आली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा महाराष्ट्रभर गाजली. पण घोषणेमागे हे रोजचे, कंटाळवाणे वाटावे असे बसणे होते.

त्याचे फळ मोठे आले. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या अशा गावांत ते होते. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ज्या खात्याने सागाच्या लाकडासाठी घर पाडले होते, त्याच जंगलातला बांबू आता गाव स्वतःच्या सहीने विकू लागले. 2013 मध्ये 1964 च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन लोकांनी खाजगी जमीनही गावाच्या नावे करण्याचे ठरवले. मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक अनेकांनी वाचले असेल. मला त्या सगळ्या हकिकतीत पुन्हा-पुन्हा गोटुलाची सावली दिसते.

नियमांची दुसरी बाजू

शिस्तीचे कौतुक करताना तिने कोणाला बाहेर ठेवले हेही विचारायला हवे. मासिक पाळीच्या दिवसांत माडिया स्त्री गावाबाहेरच्या कुर्मा घरात राहते. त्या दिवसांत तिला गोटुलाचे आवार वर्ज्य. पडकी, अंधारी, सापकिरडाच्या भीतीची ही घरे आजही गडचिरोलीत आहेत. काही ठिकाणी आता पक्की खोली बांधून दिली जाते. त्यातून त्रास कमी होतो; नियम तसाच राहतो. आणि मुरिया गोटुलात जोडीदार बदलण्याचा जो नियम मत्सर मोडण्यासाठी होता, तो एखाद्या मुलीच्या मनाविरुद्ध पडला तर तिने काय करायचे? दंडाचा धाक तिलाही होताच. गोटुलाला स्वर्ग म्हणणारे आणि नरक म्हणणारे दोघेही या मुलीला विचारायला विसरले.

कातोरीच्या शपथेत नियम पाचशे वर्षे जसेच्या तसे जपण्यात मोठेपणा मानला जातो. मेंढ्याच्या गोटुलाने दुसरी वाट घेतली. झोपण्याचे घर बसण्याचे झाले, पोरांचे घर गावाचे झाले, आणि सभेत बायका पुरुषांच्या बरोबरीने बोलू लागल्या. जुन्या शाळेतून त्यांनी एवढेच उचलले की, सभासदत्व हक्काने मिळत नाही, रोज काहीतरी आणून ते टिकवावे लागते. आणि भांडण ज्यांचे आहे त्यांनीच ते एका छताखाली बसून मिटवायचे. कुर्मा घराच्या प्रश्नाला याच बैठकीत, त्या बायकांच्या तोंडून, कधी ना कधी तोंड द्यावे लागेल. बाहेरून कोणी हुकूम काढून ते होणार नाही.

गडचिरोलीच्या पुष्कळ गावांत आज गोटुल म्हणून सिमेंटचे समाजमंदिर उभे दिसते. दाराला कुलूप, किल्ली कुणाकडे तरी. जिथे ते उघडे असते आणि संध्याकाळी माणसे जमतात, तिथे हिवाळ्यात अजूनही मधे शेकोटी पेटते. कोणी सांगत नाही, पण येणारा येताना एखादे लाकूड घेऊन येतो.